मागच्या झाकणावरची पेन्सिल

टोलीडो, ओहायो
१२ नोव्हेंबर १९९६

चि. ब्रूनो यास,
थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तिकडे वाळवंटात गेल्यापासून तुझे गुडघे दुखायचे थांबले हे वाचून बरं वाटलं. इथे पहिला बर्फ पडून वितळलासुद्धा. माझे मोतीबिंदू पिकले आहेत, फेब्रुवारीत काढायचे ठरलेत. तोवर जाड पेनाने आणि अंदाजाने लिहिते आहे. ओळी एकमेकींवर चढल्या तर रागावू नकोस.

आता मुद्द्याचं. गेल्या शनिवारी दारात एक माणूस उभा. नाव डेल पर्डी, वय त्रेचाळीस, शाळेची बस चालवतो, आणि डोक्यावर लिपका बंधूंची टोपी. हो, आपल्याच लिपकांची! दुकान बंद होऊन आठ वर्षं झाली, त्या जागेत आता गालिचे विकतात, आणि हा बाबा त्या दुकानाच्या आठवणी गोळा करत हिंडतो. लिपकांची लाकडी फूटपट्टी, लिपकांचा बर्फाचा ट्रे, लिपकांची कॅलेंडरं, अशी चार खोकी भरून आहेत म्हणे त्याच्याकडे. त्याच्यासारखी आणखी साठ-सत्तर माणसं आहेत, त्यांचं मंडळ आहे, आणि ते मंडळ दर महिन्याला चार पानी पत्रक काढतं. तुम्हाला दुसरा उद्योग नाही का, असं मी त्याला तोंडावर विचारलं. तर म्हणाला की, तो पाच वर्षांचा असताना वडिलांनी लिपकांकडून फ्रीज आणला, आणि त्याच्या खोक्यात तो अख्खा उन्हाळा राहिला. मग त्याने टीव्हीवरच्या जाहिरातीतलं लिपकांचं गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणून दाखवलं आणि डोळे पुसले. मला तेव्हाच शंका आली की हा विमा कंपनीचा नाहीतर कोर्टाचा माणूस असणार. फ्रीजच्या खोक्यासाठी कोण रडतं?

अर्थात, गाण्याची शेवटची ओळ मीही त्याच्याबरोबर म्हटली, तुझ्यापासून काय लपवायचं. शनिवारी दुकानाच्या दारातच गरम किएल्बासा, आपले पोलिश सॉसेज, वाटायचे. आत नव्या पुठ्ठ्याचा आणि तापलेल्या धुळीचा वास. भिंतभर तीस टीव्ही आणि तिसांवर एकच कुस्ती. थोरले लिपका जाहिरातीत डॉक्टरचा पांढरा कोट घालून दुसऱ्या दुकानांच्या किमतींना नळी लावून तपासायचे आणि मान हलवायचे. त्या भिंतीपुढे लिओ उभा असायचा, कानावर पेन्सिल, टाय सरळ. मी तिथेच त्याच्यावर भाळले. गिऱ्हाईक आत आलं की त्याचा चेहरा असा खुलायचा, जसं काही त्याच्याच घरी पाहुणे आलेत. आणि हाच माणूस सत्तर साली स्वतः होऊन तळघरातल्या सुट्या भागांच्या गाळ्यात जाऊन बसला, कारण काय, तर पाय दुखतात. लिपकांच्या फिंडले गावच्या दुकानाचा व्यवस्थापक व्हायचा, तो शेवटपर्यंत बटणं आणि पट्टे विकत राहिला. ते मी त्याला कधी माफ केलं नाही, तो जाऊन तीन वर्षं झाली तरी.

मी त्या डेलला सांगितलं की माझा नवरा तिथे विक्रीला होता आणि धाकटा भाऊ दुरुस्तीच्या गाडीवर. तर तो आनंदाने ओरडलाच. त्याने गेल्या महिन्यात पॉइंट प्लेसमधल्या कुणा व्हेरा होलुब नावाच्या बाईच्या घरातून लिपकांचा रंगीत टीव्ही आणला आहे. बाई वारली, सामान विकायला काढलं होतं. घरी आणून मागचं झाकण उघडलं, तर आतल्या बाजूला पेन्सिलीने तारखाच तारखा. तुम्ही दुरुस्तीवाले दर वेळी झाकणाच्या आत तारीख आणि नावाची अक्षरं लिहायचात, ते मला ठाऊक आहे. पण ऐक. फेब्रुवारी सत्तर ते जानेवारी अठ्ठ्याहत्तर, दर महिन्याला एक, नव्वदच्या वर नोंदी, प्रत्येक वेळी पहिला गुरुवार, आणि प्रत्येकीखाली एल. के.

लिओ कपुस्ता. दुसरा एल. के. त्या दुकानात नव्हता. आणि ब्रूनो, माझ्या नवऱ्याला घरातला बल्ब बदलता येत नव्हता.

डेलला वाटलं मला केवढा आनंद होईल. मी त्याला कॉफी दिली आणि घालवून दिलं. मला बारीक, पुसट काही दिसत नाही, त्याने वाचून दाखवलं तेवढंच. तू त्याच दुकानात होतास. आठ वर्षं दर गुरुवारी दुकान नऊपर्यंत उघडं असतं म्हणून हा माणूस घरी उशिरा यायचा. त्यातला महिन्यातून एक गुरुवार कुठे जात होता, हे मला कळव.

तेरेसाला आशीर्वाद. लोभ असावा, संशय आहेच.

तुझी,
स्टेला


टुसॉन, ॲरिझोना
२५ नोव्हेंबर १९९६

ती. ताईस,
ब्रूनोचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. ओळी एकमेकींवर चढल्या नव्हत्या, फक्त तूच सगळ्यांवर चढली होतीस. डोळ्यांचं नीट करून घे.

अगं, जुन्या रंगीत टीव्हीचं तुला काय सांगू! ती पोरांसारखीच आजारी पडायची. आज चेहरे हिरवे, उद्या जांभळे, शेजाऱ्याने मिक्सर लावला की पडद्यावर पाऊस. महिन्याला एक फेरी म्हणजे काहीच नाही. मी गाडी घेऊन दिवसाला दहा-दहा घरं केली आहेत. नळ्या तपासायचं यंत्र दुकानात दारापाशीच होतं, आठवतं? बायका खाकी पिशवीत टीव्हीच्या नळ्या घेऊन यायच्या, अंडी आणावीत तशा सांभाळून. तुझा तो डेल हे पत्रकात छापत असेल तर माझ्या नावाने छाप म्हणावं.

पण त्या माणसाला फार घरात घेऊ नकोस. मला त्याचं लक्षण ठीक दिसत नाही. टीव्ही आणला तर आणला, झाकण कशाला उघडायचं? ते झाकण त्याच्याकडेच आहे का अजून? आणखी कुणाला दाखवलं का त्याने? पत्रकात छापणार आहे का? जमलं तर एवढं विचारून घे. बाकी तो विषय सोडून दे. अक्षरं कुणीही लिहितो. घाईत कुणाच्या जागी कुणाची पडतात.

ती पियानो शिकवणारी बाई गेली म्हणायची. बरीच म्हातारी झाली असेल.

तेरेसाचा नमस्कार. तिने कॅक्टसच्या फळांचा मुरंबा केला आहे. मी दोन चमचे खाल्ला आणि जिवंत आहे. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
ब्रूनो


टोलीडो
९ डिसेंबर १९९६

चि. ब्रूनो यास,
आशीर्वाद. वि. वि.

माझ्या पत्राची नक्कल मी ठेवत नाही, पण मी काय लिहिलं ते मला पाठ असतं. बाई पॉइंट प्लेसची, नाव व्हेरा होलुब, वारली, एवढंच मी लिहिलं होतं. पियानो कुठून आला?

तेव्हा तुला माहीत आहे. तुला सगळं माहीत आहे आणि पुरुष पुरुषाला सांभाळून घेतो तसा तू मेलेल्या माणसाला सांभाळतो आहेस. सख्ख्या बहिणीपेक्षा मेव्हणा जवळचा झाला का?

आणखी ऐक. परवा तळघरात उतरले आणि लिओची पत्र्याची पेटी उघडली. आत काय असावं? आरसा. चांगला हातभर लांब, लाकडी चौकटीचा, मागे चामड्याची मूठ, आणि जुन्या फ्लॅनेलच्या शर्टात इतका नीट गुंडाळलेला की एक ओरखडा नाही. मला सांग, सुटे भाग विकणाऱ्या माणसाला आरसा कशाला लागतो? मी सांगते. बाईच्या दारात जाण्याआधी गाडीत बसून भांग पाडायला. माझ्यासमोर तो कधी भांग पाडत नव्हता, ब्रूनो. लग्नाच्या दिवशीसुद्धा मीच पाडला होता.

आता गुरुवार एकेक करून आठवतात. गुरुवारी तो यायचा तेव्हा जेवत नसे. कॉफी झाली म्हणायचा. कधी कपड्यांना केकचा वास, दालचिनीचा. मी तळघरातला राजा म्हणून त्याला चारचौघांत हिणवायची, तो हसायचा, आणि मला वाटायचं की हा माणूस किती निगरगट्ट आहे. आता कळलं तो का हसत होता. त्याचं राज्य दुसरीकडेच होतं.

दफनभूमीत लिओच्या दगडावर त्याच्या नावाशेजारी माझंही नाव कोरलेलं आहे, हे तुला ठाऊक आहे. जन्मसाल घातलेलं आणि पुढची जागा मोकळी. मी दर रविवारी जाऊन ती मोकळी जागा बघते आणि मला बरं वाटतं, कारण कुठे जायचं ते ठरलेलं आहे. आता मी पाथरवट वुयचिकला विचारून आले की कोरलेलं नाव काढता येतं का. तो म्हणाला की घासून काढता येतं, जमीन मोकळी झाली की मशीन घेऊन येईन. मी आईशेजारी जाईन. तिथे एका माणसाची जागा आहे. आई निदान मला फसवत नव्हती.

अजून त्याला हो म्हटलेलं नाही. तुझ्या पत्राची वाट पाहते आहे. या माणसाशेजारी मी पडू की नको, एवढंच सांग.

लोभ तुझ्या हातात आहे, बघ काय करतोस.

स्टेला


टुसॉन
१८ डिसेंबर १९९६

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सोबत नाताळची ओप्वातेक पाठवतो आहे. ही प्रसादाची पोळी इथल्या पोलिश चर्चमध्ये मिळते, आपल्या तिकडच्याइतकी पातळ नाही, पण आशीर्वाद तोच. तू आपल्या टेबलावर मोड, मी इथे मोडतो. ती मोडताना एकमेकांचं जे काय असेल ते पोटात घालायचं, असं आई म्हणायची.

त्या बाईकडे पियानो होता, हे दुरुस्तीवाल्या सगळ्यांना माहीत होतं. मीही एकदा गेलो होतो. एवढ्यावरून काय काय रचतेस!

ताई, लिओ भला माणूस होता. याहून जास्त मला लिहिता येत नाही. जे झालं असेल ते झालं. माणूस गेला, ती बाईही गेली. आता कुणाला काय विचारणार? त्याला माफ कर आणि झोपून जा. दगडाचं तेवढं करू नकोस. लोक काय म्हणतील?

तेरेसाला यातलं काही लिहू नकोस, तिचा रक्तदाब वाढतो. मेरी ख्रिसमस. मनात जागा असू दे.

तुझा,
ब्रूनो


टोलीडो
२४ फेब्रुवारी १९९७

चि. ब्रूनो यास,
आशीर्वाद लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. वि. वि.

नाताळात तुझं पत्र आलं. त्याला माफ कर, असं तू लिहिलंस. जो काही करत नाही त्याला माफ करायला कोणी सांगत नाही. मी त्याच दिवशी वुयचिकला हो म्हणून कळवलं. ओप्वातेक मोडली नाही. आहे तशी पाकिटात आहे.

यंदा बर्फ लवकर गेला. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात वुयचिक मशीन घेऊन आला आणि त्याने माझं नाव घासून काढलं. मी जवळ उभी राहिले. धूळ इतकी उडाली की त्याने मला मागे सरकायला सांगितलं. आता लिओच्या नावाशेजारी एक गुळगुळीत खळगा आहे. मला वाटलं होतं की बरं वाटेल.

मागच्या सोमवारी डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी काढली आणि ब्रूनो, सगळं जग धुतल्यासारखं झालं! माझ्या स्वयंपाकघराचा रंग पिवळा नाही, पांढरा आहे. आणि परवा तो डेल पर्डी बघायला आला, सूप घेऊन. त्याच्यावर मी विनाकारण संशय घेतला. माणूस सरळ आहे, खोक्यात राहिलेला. त्याला वाटलं की आता मला दिसतंय तर झाकण बघून बरं वाटेल, म्हणून ते गाडीत घालून आणलं होतं.

मी झाकण खिडकीशी धरलं आणि वाचलं. सत्तर, एकाहत्तर, बहात्तर. प्रत्येक ओळीत सात. आणि प्रत्येक सातच्या दांड्यावर आडवी रेघ.

ती रेघ आपल्या वडिलांनी आपल्याला शिकवली. क्राकूवकडे सात असाच काढतात म्हणाले होते. आजही मी तसाच काढते, तूही काढतोस, तुझी पाकिटं माझ्यासमोर आहेत. लिओ हसायचा. तुमच्या घरातले सात कमरेला पट्टा बांधतात म्हणायचा. त्याने जन्मात कधी अशी रेघ मारली नाही.

ते तुझं अक्षर आहे. आठ वर्षं तू त्या बाईकडे गेलास आणि खाली माझ्या नवऱ्याची अक्षरं टाकलीस. म्हणजे भांग पाडणारा तू होतास आणि आरसा लपवायला त्याच्याकडे दिलास. आणि मी नाव घासून घेईपर्यंत तू गप्प बसलास. माणूस गेला, माफ कर, असं लिहायला तुझा हात कसा धजला?

ईस्टरच्या आत मला सगळं कळलं नाही तर मी तेरेसाला पत्र टाकीन आणि आरशासकट सगळं लिहीन. तिचा रक्तदाब मग तू बघ.

लोभाचं आज काही लिहीत नाही.

स्टेला


टुसॉन
७ मार्च १९९७

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तेरेसाला लिहायची गरज नाही. मी तिला काल सगळं सांगितलं. आज सकाळी ती म्हणाली की आता बहिणीला सांग, तोपर्यंत चूल बंद आहे. म्हणून हे लिहितो आहे. बाई वगैरे काही नव्हतं. असती तर बरं झालं असतं, इतकं वाईट आहे.

एकोणसत्तरची विगिलिया आठव, नाताळच्या आदल्या संध्याकाळचं आपलं जेवण. आई पहिली चांदणी दिसल्याशिवाय आणि सगळे टेबलाशी बसल्याशिवाय कुणाला चमचा उचलू देत नसे. त्या दिवशी चार वाजता माझं शेवटचं घर होतं ते पॉइंट प्लेसचं. मिस होलुब, एकटी बाई, चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची, घरी पियानो शिकवायची. टीव्हीचा फ्यूज उडाला होता आणि संध्याकाळी तिला नाताळची प्रार्थनागीतं बघायची होती. दार उघडंच ठेवून ती आतल्या खोलीत पियानोवर सराव करत होती, किती जण आले ते तिने पाहिलं नाही. माझ्या गाडीत त्या मापाचा फ्यूज नव्हता. दुकानात जाऊन आणायचा तर तास गेला असता. तेवढ्यात गाडीतल्या रेडिओवर दुकानातून निरोप आला की तुझ्या बहिणीचा तिसरा फोन, आई ताटकळली आहे, सूप निवतंय. तुला दोष देत नाही, ताई. मी सिगारेटच्या पाकिटातली चांदी, तो चमकता कागद, उडालेल्या फ्यूजला गुंडाळली आणि बसवली. चित्र आलं. सुट्टी संपली की खरा फ्यूज बसवीन असं ठरवलं. सव्वीस तारखेला चौदा घरं होती. मी विसरलो.

तीन जानेवारीला तो टीव्ही पेटला. बाईने जळता पडदा हातांनी ओढून काढला. शेजाऱ्यांनी आग विझवली, घर वाचलं. तिच्या डाव्या हाताची तीन बोटं पुन्हा कधी वळली नाहीत. ती नंतर कधी वाजवू शकली नाही.

विमावाल्याला राखेत चांदी सापडली. थोरल्या लिपकांनी आम्हाला वर ऑफिसात बोलावलं, मला आणि लिओला, कारण टीव्ही त्याने विकला होता. तेरेसाला सातवा महिना होता, आधीची दोन गेलेली तुला ठाऊक आहेत. मी तोंड उघडण्याआधी लिओ बोलला. म्हणाला की, टीव्ही मी विकला होता म्हणून मी ब्रूनोबरोबर गेलो होतो, तो गाडीकडे गेला असताना मीच शहाणपणा केला, चांदी माझ्या पाकिटातली आहे. पाकीट त्याचंच होतं, ते खरं. मी त्याच्याकडूनच मागून घेतलं होतं. बाहेर आल्यावर मी त्याला म्हटलं की हे काय केलंस. तर म्हणाला की, तुला त्यांनी हाकललं असतं, मी महिन्याला चाळीस टीव्ही विकतो, मला फक्त ओरडतील. लिपका ओरडले नाहीत. त्यांनी त्याला तळघरात पाठवलं आणि त्या घरी दर महिन्याला जाऊन दुकानाने भरून दिलेला नवा टीव्ही तपासायची सक्ती केली. पाय दुखतात ही गोष्ट त्याने तुझ्यासाठी बनवली.

त्याला तपासता कुठे येत होतं? म्हणून मी बरोबर जायचो. मागे बसून मी काम करायचो आणि नोंद त्याच्या अक्षरांनी करायचो, कारण लिपका कधी बघायला गेले तर ती दिसायला हवी होती. आरसा त्यासाठी होता. रंग मागून जुळवावे लागतात आणि मागे बसलेल्याला पडदा दिसत नाही. म्हणून कुणीतरी समोर आरसा धरून उभं राहावं लागतं. तुझ्या घरी तू समोर उभी राहून लाल जास्त, हिरवा कमी, असं ओरडायचीस, म्हणून तुला आरसा कधी दिसला नाही. तिथे लिओ धरायचा. अर्धा अर्धा तास हात वर करून, मूठ बदलत. मग ती बाई एका हाताने दालचिनीचा केक कापायची. ती लिओकडे बघायची नाही. मला दुसऱ्यांदा केक वाढायची आणि म्हणायची की तुम्ही किती चांगले, दुसऱ्याच्या चुकीसाठी दर महिन्याला येता. लिओ समोर बसून कॉफी प्यायचा. आठ वर्षं, ताई. मी एकदाही म्हटलं नाही की चूक माझी आहे. एकदा गाडीत मी रडलो, तर म्हणाला की रडू नकोस, तुझ्या पोरीला दात आले का ते सांग. शेवटी अठ्ठ्याहत्तर साली बाईनेच सांगितलं की आता येऊ नका, पुरे झालं.

तू त्याला तळघरातला राजा म्हणायचीस तेव्हा मी टेबलाशी असायचो. मीही हसलो आहे.

डिसेंबरात सांगणार होतो. तू माझ्यावर थुंकशील याची भीती वाटली. त्याच्यावर संशय राहिला तर तो मेलेला आहे, त्याला काय लागतं, असं मनात आलं. हे लिहिताना लाज वाटते, पण तसं आलं.

लोभ मागायचं तोंड नाही.

ब्रूनो


टोलीडो
१९ मार्च १९९७

चि. ब्रूनो यास,
आशीर्वाद. वि. वि.

तुला शिव्या द्यायला तीन कागद घेतले आणि तिन्ही फाडले. चौथ्यावर सांगते: मी तुझ्यावर इतकी रागावले आहे की तू समोर असतास तर आईचं लाटणं तुझ्या डोक्यात घातलं असतं. त्याहून जास्त माझ्यावर रागावले आहे. चोवीस वर्षं मी त्या माणसाला बोलले. मेजवानीत बोलले, बिशपसमोर बोलले, आजारी होता तेव्हा बोलले. आणि तो तुझी पोरगी किती उंच झाली ते विचारायचा. एवढं मोठं गाठोडं घेऊन तो माझ्याशेजारी झोपत होता आणि मला त्याचं वजन कळलं नाही.

रविवारी दगडाशी गेले. त्याला म्हटलं की मूर्खा, एकदा सांगायचं होतंस. मग म्हटलं की सांगितलं असतंस तर मी ब्रूनोला घरात घेतलं नसतं, आणि हे तुला ठाऊक होतं. मग फार वेळ रडले. दोन आठवड्यांपूर्वी उजव्या डोळ्याचंही ऑपरेशन झालं, कित्येक वर्षांनंतर दोन्ही डोळ्यांनी स्वच्छ दिसतंय आणि पहिली गोष्ट दिसली ती ही.

वुयचिकला बोलावलं होतं. तो मला वेडी समजतो. नाव पुन्हा कोरता येईल म्हणाला, पण दगड घासला गेल्यामुळे ते लिओच्या नावाहून बोटभर खोल बसेल आणि पावसाचं पाणी साठेल. मी म्हटलं की साठू दे. माझी जागा तेवढी खाली असायलाच हवी.

ओप्वातेक आज मोडली. शिळी झाली होती, पण मोडली.

आता नीट वाच. डेलला मी यातलं काही सांगितलेलं नाही. ते तू सांगायचंस, तुझ्या तोंडाने, आणि ते त्यांच्या पत्रकात छापून यायला हवं, म्हणजे लिपकांच्या तळघरात कोण बसलं होतं आणि का, ते त्या साठ-सत्तर माणसांना कळेल. मी त्याला एवढंच विचारलं की तो टीव्ही थोडे दिवस देशील का. त्याने तो काल बसमधून आणला, दोन मित्रांनी उचलून पुढच्या खोलीत ठेवला. चालू होतो, पण सगळे चेहरे हिरवे आहेत. ईस्टर तीस तारखेला आहे. तेरेसाला घेऊन ये. चूल मी बंद ठेवणार नाही, पण आल्याबरोबर आधी काम. तू मागे बस. लिओचा आरसा मी पुसून ठेवला आहे, समोर मी धरून उभी राहीन, हात दुखेपर्यंत.

लोभ किती उरलाय ते तू समोर आलास की बघू.

स्टेला

ता. क. झाकण परत बसवायच्या आधी आतल्या बाजूला तारीख घाल. पेन्सिल इथे आहे. सातला रेघ मारायला विसरू नकोस, आणि खाली या वेळी तुझी अक्षरं लिही.